रक्तात काही नसतं

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सर, दिवाळी अंकासाठी लिहा. शास्त्रीय संगीतात तबल्याचं स्थान." मी म्हटलं, त्यासाठी पानं कशाला खर्च करता? गवयाच्या उजव्या हाताला, जरा मागे. निमंत्रणपत्रिकेत अगदी तळाला. सत्काराच्या वेळी शेवटून दुसरा, साउंडवाल्याच्या आधी. संपलं स्थान. ते खो खो हसले. मी हसत नव्हतो, पण फोनवर ते कळत नाही.

आता लिहायला बसलोच आहे तर मनातलं लिहितो. छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

मी आमच्या शहरातल्या एका महाविद्यालयाच्या संगीत विभागात नोकरी केली आणि परवा-परवा निवृत्त झालो. पद, तबला साथीदार. पेपरात चोराच्या बातमीत "साथीदार फरार" असं छापून येतं ना, तोच शब्द. माझ्या नेमणुकीच्या पत्रातही होता. फरार मात्र मी कधी झालो नाही. गवई झाले, बऱ्याचदा.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तबला म्हणजे दोन वाद्यं. उजव्या हाताखाली लाकडाचा तबला, डाव्या हाताखाली धातूचा डग्गा. दोन्हींच्या तोंडावर चामड्याची पुडी, तिच्यावर काळी शाई. गवयाचा जो सा, तोच तबल्याचा सूर लागावा लागतो. म्हणून कार्यक्रम ठरला की आम्ही मानधन विचारायच्या आधी "पट्टी कोणती?" हे विचारतो. मग ठेका. तालाची ठरलेली मात्रांची फेरी, ती संपली की पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचं. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गवई आलापात, तानांत हवा तेवढा भटकून येतो, पण समेवर त्याला घरी यावंच लागतं. तेव्हा दार उघडायला घरात कुणीतरी जागं लागतं. ते जागं माणूस म्हणजे तबलजी. विलंबित ख्यालात फेरी इतकी संथ असते की दोन मात्रांच्या मध्ये शिंकून नाक पुसता येईल. तेवढ्यातही लय तिळभर हलता कामा नये. लोकांना वाटतं, तबलजी जोरात वाजवतो तेव्हा मेहनत करतो. खरी मेहनत तो काहीच वाजवत नाही तेव्हा चाललेली असते.

आणि गवई चुकला की तो तबलजीकडे बघतो. हा आमच्या क्षेत्रातला अलिखित कायदा आहे. एकदा एक नामवंत गवई शहरात आले होते. नाव लिहीत नाही, आता हयात नाहीत. तानेच्या भरात त्यांची सम मात्राभर आधीच पडली. पडली ती पडली, वर माझ्याकडे असा जळजळीत कटाक्ष टाकला की पुढच्या रांगेतले लोकही माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी आम्ही काय करतो, तर एक मात्रा गिळतो आणि गवई जिथं उभा असेल तिथं सम नेऊन ठेवतो. मी तेच केलं. टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चार माणसांच्या देखत म्हणाले, "आज जरा हललात का हो? होतं असं." मी मान खाली घालून बॅग आवरली. आज लिहितो, मी हललो नव्हतो.

पण हे सगळं किरकोळ. प्रत्येक तबलजी हे सोसतो, कुठल्याही जातीधर्माचा असो. मला जे खरं सलतं ते वेगळं आहे.

परीक्षा घ्यायला बाहेरगावचे परीक्षक यायचे. चहाच्या वेळी ओळखी व्हायच्या. माझ्या शेजारी हार्मोनियमवाले सहकारी बसलेले असायचे. त्यांना परीक्षक विचारायचे, "कुणाकडे शिकलात?" मला विचारायचे, "मूळ गाव कुठलं तुमचं?" मी गाव सांगायचो. मग आडनाव. मग एकदम चेहरा उजळायचा. "अरे वा! म्हणजे ताल तुमच्या रक्तातच आहे की!" हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे की बोलणाऱ्याने तोंड उघडताच मला त्याचा वास यायचा. बोलणाऱ्याला वाटतं, आपण कौतुक केलं. बाकीचे माना डोलावतात. मी चहा पितो.

रक्तात काय आहे ते सांगतो. औरंगाबाद जिल्ह्यात, कन्नडच्या अलीकडे आमचं गाव. माझे आजोबा गावाची हलगी वाजवायचे. हौस म्हणून नाही. तो आमच्या वाट्याला टाकलेला हुकूम होता. कुणाचं लग्न, कुणाची वरात, कुणाची मयत, दवंडी, बैलपोळा, हाक आली की हलगी घेऊन पळायचं. वरातीच्या पुढे वाजवत चालायचं आणि पंगतीच्या वेळी लांब बसायचं. हलगीचं चामडं गार असलं की ती बद्द बोलते. म्हणून वाजवण्याआधी पाचटाचा जाळ करून तिला शेकायचं. तो जाळ करायचं काम माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तेव्हा ते मिसरूड न फुटलेले.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरची पहिलीच लग्नसराई. घरात आता बुद्धवंदना होत होती, पण पाटलाच्या दारचं लग्न निघालं तसा निरोप आलाच. अण्णांनी जाळ केला. हलगी शेकायला धरली. आणि काढलीच नाही. धरूनच राहिले, चामडं तडकेपर्यंत. फटकन आवाज झाला, आजोबा बाहेर आले, त्यांनी बघितलं आणि ते परत आत जाऊन बसले. त्यानंतर गावाने काय केलं ते सांगत बसत नाही. मजुरी बंद, किराणा बंद, बोलणं बंद. घरदार उचलून आमची माणसं औरंगाबादला आली. अण्णा आधी गिरणीत, मग पुढे वाळूजला कारखान्यात लागले. शिफ्टच्या बसने जन्म काढला. स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधलं. त्या घराचा एकच नियम होता. चामड्याचं वाद्य उंबऱ्याच्या आत येणार नाही.

आणि अशा घरातल्या मुलाला तबल्याचं वेड लागावं! रक्तात होतं म्हणून नव्हे. शाळेच्या वाटेवर शहागंजातल्या एका गल्लीत एक उस्ताद राहायचे, त्यांच्या खिडकीतून आवाज यायचा म्हणून. त्या गल्लीतून न जाता मी दुसऱ्या गल्लीतून शाळेत गेलो असतो तर आज कदाचित टायपिस्ट म्हणून निवृत्त झालो असतो. खिडकीखाली उभा राहायचो. एक दिवस उस्तादांनी आत बोलावलं आणि मग ते स्वतःच आमच्या घरी आले. अण्णांनी पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "तुमी भला मानूस हाय. पन चामड्याला हात नाय लावायचा आमच्यात. सोडलंय आमी ते."

उस्तादांनी बशीतला चहा फुंकून संपवला. मग म्हणाले, "मियाँ, चमडा मेरे घर में रहेंगा. तुमारे घर में फकत बच्चा आयेंगा. हात धोके आयेंगा."

अण्णा 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही' पण म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून मी दाराजवळच्या नळावर हात धुऊन घरात जाऊ लागलो.

उस्तादांनी पहिला पावसाळा, हिवाळा आणि निम्मा उन्हाळा माझ्याकडून फक्त एक अक्षर वाजवून घेतलं. ना. तर्जनीने काठावर. दुसरं बोट उठलं की हातावर छडी. "आवाज में से उंगली दिखनी नक्को," असं म्हणायचे. तर्जनीची साल निघाली, पुन्हा आली, पुन्हा निघाली. रक्त आलं ते पुडीवर दिसलं. चांगलं निरखून बघितलं मी. त्यात ताल वगैरे काही नव्हतं. रक्तात असतं तर त्या म्हाताऱ्याने माझ्यामागे एवढं आयुष्य कशाला जाळलं असतं? आणि अण्णांनी ती हलगी जाळून काय जाळलं मग? "रक्तात आहे" म्हणणारा माणूस एका वाक्यात दोघांचंही केलेलं पुसून टाकतो. माझ्या बापाचं सोडणं आणि माझं शिकणं. एवढं साधं गणित विद्वानांना कळत नाही याचा मला संताप येतो, आणि तो वयाबरोबर कमी होत नाही.

घरी मी मांडीवर तबल्याचे बोल वाजवायचो. अण्णा पेपर वाचता वाचता म्हणायचे, "मांडी थांबव." मी थांबवायचो. लग्न झालं, मुलं झाली, तरी नियम तोच. लोक विचारतात, कमावते झाल्यावर मोडला का नाहीत? मोडावासा कधी वाटला नाही. तो नियम अण्णांना फार महाग पडला होता. उस्ताद गेल्यावर माझा तबला विभागाच्या कपाटात राहायला आला. निवृत्त झाल्यावर कपाटाची किल्ली परत करावी लागली, तेव्हापासून तो गाडीच्या डिकीत राहतो, रजईत गुंडाळून. अण्णांनी मला इतक्या वर्षांत एकदाही वाजवताना ऐकलं नव्हतं. रेडिओवर माझी साथ लागली की ते भाजी आणायला जायचे. आमच्याकडे भाजी कधी कमी पडली नाही.

विभागातलाही एक प्रसंग सांगून टाकतो. दर खंडेनवमीला आमच्याकडे वाद्यांची पूजा व्हायची. तबल्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. चुकून पाय लागला तर पोरं कानाला हात लावायची. चांगलं आहे. त्याच दिवशी आमचा पुड्या चढवणारा कारागीर आला होता. पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम करणारा माणूस. विभागप्रमुख म्हणाले, "त्याला व्हरांड्यातच बसवा, सामानाला वास येतो." ज्या चामड्याला आत उदबत्ती ओवाळली जात होती, तेच चामडं बाहेर त्याच्या पिशवीत होतं. मी पूजा सोडून व्हरांड्यात त्याच्याजवळ जाऊन बसलो, दोघांसाठी चहा मागवला. प्रमुख बाहेर आले, बघितलं आणि फार समजूतदारपणे म्हणाले, "हां, तुम्हाला चालतं." मी कारागिराला आणखी थोडा चहा ओतून दिला. काय उत्तर द्यायचं असतं याला? कुणाला सुचलं तर मला कळवा.

आता गेल्या वर्षीचं. निवृत्तीची बातमी गावापर्यंत पोचली आणि गावातून फोन आला. शाळेचं नवं सभागृह बांधलंय, उद्‌घाटनाला सकाळची शास्त्रीय गायनाची मैफल ठेवू, साथ तुम्ही करा आणि भूमिपुत्र म्हणून तुमचा सत्कारही. बोलणारे उत्सव समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब. गोड माणूस, निदान फोनवर. गायला मी सायलीचं नाव सुचवलं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, वैजापूरच्या कांद्याच्या आडत्याची मुलगी, आता चांगलं गाते.

जेवताना मी घरात सांगितलं. अण्णांनी घास खाली ठेवला.

"सभागृह कुठं बांधलं म्हनतो?"

"जुन्या चावडीच्या जागेवर."

"तिथं तू बसनार कुठं?"

"स्टेजवर."

"खुर्चीवर?"

"नाही अण्णा. तबल्याला मांडी घालून बसावं लागतं. गाणारे पण खालीच बसतात."

"खाली म्हंजे वरच ना? स्टेजवर?"

"हो. वर."

अण्णा पाणी प्यायले. त्या चावडीच्या पायरीखाली त्यांचे वडील हलगी घेऊन उभे राहायचे, हे मला माहीत होतं. ताट बाजूला सारून ते एवढंच म्हणाले, "मंग म्या येतो."

मला त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो. गवयांच्या कटाक्षांना मी कधी भ्यालो नाही. पण हा एक श्रोता होता, आणि तो एकदाच येणार होता. जमलं नाही, काही बिनसलं, तर पुन्हा भाजी आणायला जाणार.

अण्णांनी पांढरा शर्ट, पांढरी पँट कडक इस्त्री करून घातली. काठी घेतली. सभागृहात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. लोक येऊन पाया पडत होते, चांगली तरुण पोरं होती, खोटं कशाला बोलू. सायलीची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. मी तबला लावून घेतला, डग्गा बघितला, सगळं ठीक होतं. मग सत्कार सुरू झाला. शाल, नारळ. भाऊसाहेबांनी माइक धरला.

"मंडळी, मिलिंदरावांच्या घरात वाद्य पिढीजात आहे! यांचे आजोबा आपल्या गावची हलगी वाजवायचे. माझे आजोबा सांगायचे, त्या हलगीशिवाय गावचं पान हलत नव्हतं. आज हलगीचा तबला झाला, पण रक्त तेच!"

टाळ्या. मी अण्णांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. आणि तेवढ्यात विंगेतून एक माणूस ताट घेऊन आला. ताटात झेंडूची माळ घातलेली कोरी करकरीत हलगी. भाऊसाहेब म्हणाले, "परंपरेचा सन्मान म्हणून मिलिंदरावांनी आपल्या आजोबांची आठवण जागवावी. दोन ठोके द्या फक्त. फोटोपुरते."

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. हलगीशी माझं भांडण नाही. आज आमची तरुण मुलं ताठ मानेने स्टेजवर हलगी वाजवतात, स्वतःची म्हणून वाजवतात. मी मुद्दाम जाऊन ऐकतो आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्यांनी ती स्वतः उचललेली असते. दुसऱ्याने माळ घालून हातात दिलेली हलगी म्हणजे जुना हुकूमच, फक्त या वेळी ताटात ठेवलेला. भाऊसाहेबांना हे कळत होतं का? मला वाटतं, अजिबात नाही. आणि त्याचाच जास्त राग येतो. ठरवून अपमान करणाऱ्याशी निदान भांडता येतं.

मी माइक हातात घेतला. एवढी वर्षं मनात पाठ करून ठेवलेलं सगळं बोलायचं होतं. उस्ताद, छडी, ना, सगळं. "मंडळी" म्हणून सुरुवात केली.

पहिल्या रांगेत काठीचा आवाज झाला. अण्णा उठले होते. पायऱ्यांपाशी आले तशी सायली पुढे झाली, हात धरून त्यांना वर घेतलं. ते माझ्याकडे आले नाहीत. ताटाकडे गेले. हलगी उचलली, माळ काढून ताटात ठेवली. अंगठा चामड्यावरून फिरवला. मला आठवतं तेव्हापासून या माणसाने चामड्याच्या वाद्याला बोट लावलं नव्हतं. मग ते वळले आणि भाऊसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"धरा."

भाऊसाहेबांनी धरली. कुणी हातात काही दिलं की माणूस धरतोच.

"वाजवा."

"अहो आजोबा, मला कुठं येतं..."

"माझ्या बापाला बी येत न्हवतं. पाठीवर फोक बसला तवा आलं." अण्णांचा आवाज चढला नव्हता, पण माइक माझ्या हातात चालू होता आणि शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. "परंपरा गावाची म्हनता नव्हं? मंग गाव तुमचं बी हाय. हानां की दोन ठोके. फोटोपुरते."

फोटोग्राफर बिचारा भाड्याचा माणूस, त्याने ठरल्याप्रमाणे फोटो काढला. तो फोटो कुठंतरी असणार. गळ्यात उपरणं, हातात हलगी, चेहऱ्यावर घाम, आमचे भाऊसाहेब. कुठल्या पेपरात तो आला नाही, गावाच्या ग्रुपवरही फिरला नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी एकट्यानेच टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग बऱ्याच जणांनी. भाऊसाहेबांना हलगी कुठं ठेवावी कळेना. शेवटी त्यांनी ती प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर ठेवली आणि प्रमुख पाहुणे उभेच राहिले.

सायलीने कुणालाही न विचारता एक खुर्ची ओढून स्टेजच्या कडेला ठेवली. "आजोबा, इथं बसा. वरच बसा." मग ती माझ्या पाया पडली, हे ती दर मैफलीला करते, आणि तंबोऱ्यांच्या मध्ये जाऊन बसली.

सकाळची तोडी होती. विलंबित एकताल. मी ठेका धरला आणि दुसऱ्याच आवर्तनाला सायलीने माझ्याकडे बघितलं. लय चढली होती. संताप आला की तो हातात उतरतो, आणि विलंबितात तो लपवायला जागा नसते. समोर बाप पहिल्यांदा ऐकायला बसलेला, आणि माझा ठेका पळत सुटलेला! तिने आलाप थोडे लांबवले, माझ्यासाठी वाट बघितली. मी एकेक मात्रा धरून मागे ओढली. उस्तादांचं "उंगली दिखनी नक्को" मनात म्हणत राहिलो. कधी बसली लय ते कळलं नाही, पण बसली. पुढे द्रुत तीनतालात तिने बंदिशीचा मुखडा धरून ठेवला आणि मला मान हलवली. म्हणजे आता तुम्ही वाजवा. गवई सुरांची एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणत थांबतो आणि तबलजीला मोकळं सोडतो, अशी आमच्यात रीत आहे. मी उस्तादांचा एक छोटा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची बांधलेली रचना, वाजवला. फार नाही. समेवर आलो, ती पण आली. अण्णांकडे मी एकदाच बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते.

दुपारच्या आत आम्ही निघालो. जेवायला थांबा असा आग्रह झाला, पण फार मनापासून नव्हता. गाडीत अण्णा खिडकीशी बसले. वेरूळ मागे पडलं, घाट उतरलो, दौलताबादचा किल्ला दिसायला लागला. विचारायचं तरी काय? कसं वाजलं? बापाला असं कोण विचारतं.

मग तेच म्हणाले, "ती पोरगी थांबली."

"कुठं?"

"मधी. तुला वाजवू दिलं. ती थांबून राह्यली आन तुझं झाल्यावं मंग पुढं गेली."

"हो अण्णा. तशी रीतच असते."

"आमच्या बापासाठी कोन थांबत न्हवतं," अण्णा म्हणाले. "वरात चालायची आन ह्यो म्होरं वाजवत पळायचा. दम लागला तरी कोन थांबत न्हवतं."

मी वळणावर गाडी हळू केली.

घरी पोचलो तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत होतं. आमच्या दारात एक कडुनिंब होता, मी त्याच्या सावलीत गाडी लावायचो. रस्ता रुंद करताना तो कापला. रस्ता अजून रुंद झालेला नाही, कडुनिंब मात्र गेला. तर गाडी उन्हात लावली, अण्णांना उतरवलं, नेहमीसारखा नळावर हात धुवायला गेलो. अण्णा फाटकाला धरून उभेच होते.

"ते तुझं कुठं हाय?"

"डिकीत. असतं तिथंच."

"ह्या उन्हात?"

"रजईत गुंडाळलंय, अण्णा."

ते काठी टेकत गाडीपाशी आले. डिकीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मी ओल्या हातांनी तिथंच उभा.

"बघतो काय? उघड," अण्णा म्हणाले. "चामडं तडकल्याचा आवाज तू ऐकला नाय. म्या ऐकलाय. घरात आन ते."